कांचेवर उमटलेली देवयानी

देवयानीचा तेजोमेघ सर्पिल आकाराचा आहे हें ज्या छायाचित्रांनीं प्रथम उघड केलें, तीं कोणा सरकारी वेधशाळेंतील पंडितानें घेतलेलीं नव्हत. लिव्हरपूल येथें इमारती बांधण्याच्या धंद्यांत सधन झालेले आयझॅक रॉबर्ट्‌स हे केवळ हौशी ज्योतिषी. त्यांनीं मघल येथील आपल्या खासगी वेधशाळेंत २० इंची परावर्तक दुर्बिणीनें १८८८ च्या २९ डिसेंबर रोजीं घेतलेलें चित्र विशेष प्रसिद्ध आहे. तारे सरकतील तशी दुर्बीण फिरवीत कांच तासन्‌तास उघडी ठेवावयाची. डोळ्यास कधींच न दिसणारें मंद तेज तिच्यावर सांठत जातें. कडाक्याच्या थंडींतली ही बैठक म्हणजे एक तपच!

येथें नवी सूर्यमाला घडत आहे, असें रॉबर्ट्‌स यांस वाटलें. त्याबद्दल त्यांस हंसणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. अंतर ठाऊक नसतां आकार कोण सांगणार? १९२३ सालीं हबल यांस माउंट विल्सन येथील कांचेवर देवयानींतील एक रूपविकारी तारा सांपडला, आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका ठरली. आज तिचें अंतर सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें मानतात. रॉबर्ट्‌स १९०४ सालींच निवर्तले होते.