फुकट ते पौष्टिक?

आपल्या मंडळींपैकी कुणी स्वतःचा व्यवसाय काढला, की एक प्रश्न हमखास निघतो: लिनक्ससारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, की पैसे मोजून एखाद्या कंपनीचे घ्यावे? ज्याचे पगार आणि गिऱ्हाइकांची बिले त्यावरच चालायची आहेत, त्याच्यासाठी हा पोटाचा प्रश्न आहे. म्हणून थोडा इतिहास पाहू.

१९६०च्या दशकात सॉफ्टवेअरला वेगळी किंमत अशी नव्हतीच. आयबीएमच्या यंत्राबरोबर प्रोग्राम येत, देखभाल येई, बऱ्याचदा सोर्स कोडही मिळे. जून १९६९मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरचा हिशेब यंत्रापासून वेगळा करत असल्याचे जाहीर केले. पुढे सॉफ्टवेअर हाच एक धंदा झाला आणि सोर्स कोड कुलुपात गेला. त्याविरुद्ध १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने घोटाळा केला. आपल्याकडे 'मुक्त' वेगळे आणि 'फुकट' वेगळे. स्टॉलमन यांना 'मुक्त' अभिप्रेत होते.

हा फरक ओळखून १९८९मध्ये कॅलिफोर्नियात सिग्नस ही कंपनी निघाली. जीएनयूचा कंपायलर कुणीही फुकट घ्यावा. तो आपल्या चिपवर नीट चालावा, अडल्यास कुणी दुरुस्त करावा, यासाठी मात्र सिग्नसला पैसे द्यावेत, असा व्यवहार होता. सॉफ्टवेअर आणि यंत्र यांची फारकत १९६९मध्ये झाली होती. सॉफ्टवेअर आणि त्याची निगा यांची फारकत ही अशी झाली. रेड हॅटने हाच मार्ग रुंद केला, सिग्नसलाही आपल्यात घेतले. आणि २०१९मध्ये खुद्द आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली!

एप्रिल २०१४च्या एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंची उणीव उघडी पडली. ७ तारखेला ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधले 'हार्टब्लीड' भगदाड जाहीर झाले. दोन वर्षे ते सर्वांसमोर होते, पण कुणाच्या नजरेस आले नव्हते. सगळ्यांचे ते कुणाचेच नाही, तसे झाले. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची सर्वसाधारण निगा थांबवली. बारा वर्षांहून अधिक काळ ती झाली होती आणि सूचनाही आगाऊ होती. पण सोर्स कोड बंद, त्यामुळे पुढची निगा दुसऱ्या कुणाला हाती घेता येईना.

डिसेंबर २०२०मध्ये फुकटवाल्यांवर पाळी आली. रेड हॅटचेच सॉफ्टवेअर विनामूल्य देणारे सेंटओएस ८ हे २०२९पर्यंत चालेल या भरवशावर अनेकांनी घेतले होते. ते २०२१अखेर बंद होणार असे जाहीर झाले. करार नव्हता, तेव्हा जाब कुणाला विचारणार? तरी कोड मुक्त असल्याने २०२१मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन वारस उभे राहिले.

तात्पर्य, पैशाने जबाबदार माणूस मिळतो आणि मुक्त कोडने सुटकेची वाट मिळते. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सॉफ्टवेअर निवडताना किमतीआधी दोन प्रश्न विचारावेत: रात्री दोनला बंद पडले तर फोन कुणाला करायचा? आणि विकणाऱ्याने उद्या अंग काढून घेतले तर पुढे कोण सांभाळणार? घरात जाणता माणूस असेल तर पहिल्याचे पैसे वाचतील. दुसऱ्याचे उत्तर मात्र आधीच शोधून ठेवलेले बरे.