शिकार आणि चिमणीची तक्रार

रोह्याहून मुरूडकडे निघालं की फणसाडचं जंगल लागतं. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. शिकारीचा विषय निघाला की नेमबाजीच्या गोष्टी रंगतात. मारलेल्या जनावराचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

इस्लाममध्ये शिकारीला परवानगी आहे, ती गरजेसाठी. निव्वळ मौजेसाठी नाही. बिस्मिल्लाह म्हणावं लागतं, जनावर जिवंत हाती आलं तर जबह करावं लागतं. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे तक्रार करील, अशा आशयाची हदीस सुनन नसाईत आहे.

एका चिमणीनेच सलीम अली घडवले. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालेल का, हे विचारायला ते मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेले. मामा स्वतः शिकारी; त्यांनी भाच्याला १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. पुढे आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे. बंदूक गेली, प्रश्न मात्र उरला. वलीम्याच्या दावतीत अर्धवट टाकलेली ताटं उचलली जातात, तेव्हा मला ती तक्रार आठवते. मांस हलाल आहे का, हे आपण आवर्जून विचारतो. त्या जिवाचं चीज झालं का, हेही विचारू या.