बुटकी जीप

हा भाग ऐकायचा कंटाळा असलेल्यांसाठी लिहून देतोय. बोलताना जो फाफटपसारा होतो तो थोडा छाटलाय.

मेहकरला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक महिंद्रा एमएम ५४० उभी असते. आजोबांनी सरकारी लिलावात घेतलेली. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यावर चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, जीप उंच करायची, आणि तीही घरीच. मी बीटेक कॉम्प्युटरवाला, पाना धरायचा अनुभव सायकलीपुरता.

पण ही गाडी मुळात बुटकी का?

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली. गाडी शत्रूच्या नजरेत भरू नये, म्हणजे बसकी हवी, आणि वजन फक्त १,३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. वजनाची अट कोणालाच पाळता आली नाही. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला पहिली गाडी सैन्याकडे पोचली. मोठी ऑर्डर मात्र विलीस आणि फोर्डला. आयटीत हे आपण बघतोच, प्रोटोटाइप एकाचा, कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याचं.

तो बसकेपणा कुठून येतो ते गाडीखाली झोपल्यावर कळतं. कमानीचे पाटे एक्सलच्या खालून जातात, वरून नाही. तेच पाटे एक्सलवर चढवले की गाडी एकदम चार-पाच इंच उठते. म्हणजे उंची तिथेच लपलेली आहे, युद्धासाठी दाबून ठेवलेली.

आपल्याकडे ही गाडी आली ती महिंद्रांमुळे. १९४५ मध्ये कंपनीचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जोडणी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. इंजिनं बदलत गेली, आमच्या गाडीला प्यूजोच्या बनावटीचं डिझेल आहे, पण खालचा सांगाडा मात्र विलीसच्याच वळणाचा.

आता माझा पराक्रम. पाटे वर चढवायला वेल्डिंग लागतं, म्हणून मी सोपा मार्ग धरला, लांब शॅकल. शॅकल पाच सेंटिमीटर लांब केला तर गाडी साधारण अडीचच सेंटिमीटर उठते, कारण पाट्याचं एकच टोक खाली सरकतं आणि एक्सल मध्यावर असतो. गणित कागदावर केलं होतं. कागदावर नव्हतं ते हे, की त्यात एक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टरचा कोन बदलतो. यू-बोल्टना रात्रभर डिझेल पाजून, दोन घोड्यांवर गाडी टेकवून काम दोन दिवसांत उरकलं. चांगली ताठ दिसायला लागली. बाबा लोणारच्या रस्त्याला घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले.

"वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही रे. हातात धरूनच बसावं लागतं."

त्यांचा चेहरा बघून मला घाम फुटला. समोरून ट्रक आला होता, एवढंच बोलले.

त्या रात्री मी कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. आता काही जण म्हणतात, एवढ्याशा शॅकलला कोण विचारतं? अपघात झाला की विमा कंपनी विचारू शकते, भाऊ.

शॅकल काढले. त्याऐवजी कमानवाल्याकडून बसलेल्या पाट्यांना पुन्हा मूळ कमान देऊन घेतली, तुटलेला एक पाटा बदलला. तेव्हा कळलं की इतक्या वर्षांच्या ओझ्याने गाडी स्वतःच खाली बसली होती, आणि मी ज्याला बुटकेपणा म्हणत होतो त्यातला बराच भाग म्हातारपण होतं. मडगार्डखाली टेप लावला तर पुढे चार सेंटिमीटर वाढले होते.

माझे शॅकल शेडमध्ये खिळ्याला टांगलेत. बाबा त्यांना दोरी बांधून कडबा तोलायला वापरतात.