पावती, कबुली आणि ७५ वर्षांची नोंद: नाकाबंदीपासून कोर्टापर्यंत काय घडते

"दंड भरला म्हणजे केस लागली का?" वस्तीतली पोरे हा प्रश्न सतत विचारतात. भरतीची तयारी करणारे तर हमखास. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण पैसे कुठे भरले आणि कशाबद्दल भरले यावर ते ठरते. रस्त्यावर भरलेले पाचशे रुपये आणि कोर्टात भरलेले पाचशे रुपये खिशाला सारखेच लागतात. कायद्याच्या नजरेत मात्र दोन्हींत फार अंतर आहे.

रस्त्यावर किंवा मोबाइलवर चलान भरणे म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे केलेली तडजोड. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट, वेगमर्यादा ओलांडली अशा ठराविक गुन्ह्यांनाच ही सोय आहे. रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई होत नाही. कोर्ट नाही, आरोपी नाही, शिक्षा नाही. काही कलमांत परवाना काही काळ निलंबित होऊ शकतो, तेवढे वेगळे. दारू पिऊन गाडी चालवणे (कलम १८५) मात्र या यादीत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की ते प्रकरण कोर्टातच जाते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "साहेब, इथेच मिटवा" याला इथे कायद्यात जागा नाही. कोणी मिटवून दिले, तर ती लाच असते.

आता कॅमेऱ्याचे चलान. २६/११ नंतर राम प्रधान समितीच्या शिफारशींतून मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे आले, तसे ते इतर शहरांतही आले. २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नंबर प्लेट वाचणारी यंत्रणा काम करते. हा कॅमेरा माणूस ओळखत नाही, नंबर वाचतो. त्यामुळे चलान चालकाच्या नव्हे, मालकाच्या नावावर निघते. १४ एप्रिलच्या बाइक रॅलीत पुतण्या काकांची गाडी घेऊन जातो आणि महिन्याभराने मेसेज काकांना येतो, तो यामुळेच. गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी विचारले, तर कलम १३३ नुसार मालकाला ते सांगावे लागते.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत आणि ते फार थोड्यांना माहीत असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. यंत्राला मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी रस्त्यावर सूचना फलक हवा. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि लावलेले कलम हवे. या नियमात सूचना पाठवायला घटनेपासून १५ दिवसांची मुदत ठेवली आहे. तेव्हा मेसेज आला की आधी फोटो उघडून बघा. गाडी तुमचीच आहे का? एखादा अंक चुकीचा वाचला गेलेला नाही ना? बनावट प्लेट लावून फिरणारा दुसराच कोणी निघतो, असेही होते. चूक दिसली तर भरण्याआधी हरकत नोंदवा, कारण भरणे म्हणजे मान्य करणे.

थकलेली चलाने लोकअदालतीत ठेवली जातात आणि तिथे रक्कम कमी होते, म्हणून लोक तिची वाट बघतात. हरकत नाही. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून चुकीचे चलान तिथे नेण्याआधी विचार करा. आणखी एक गोष्ट. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, तरी जुन्या चलानावर समन्स आले तर हा मुद्दा वकिलाने मांडलाच पाहिजे.

नाकाबंदीत गणवेशातल्या पोलिसाने परवाना मागितला तर दाखवावाच लागतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रे चालतात. परवाना जमा करून घेतला तर त्याची पोच देणे पोलिसावर बंधनकारक आहे. परवाना किंवा नोंदणीच नसेल तर गाडी अडकवून ठेवता येते.

खरा धोका कागदपत्रांत नसतो, बोलाचालीत असतो. हेल्मेटवरून सुरू झालेला वाद "अरे-तुरे"वर येतो, कॉलरला हात जातो आणि भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागते. हे पूर्वीचे ३५३: सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळाचा वापर करून त्याला कर्तव्यापासून रोखणे. दखलपात्र, अजामीनपात्र, दोन वर्षांपर्यंत कैद. पाचशेची पावती तिथेच राहते आणि पोरगा कोठडीत जातो. या कलमाला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसता वाद किंवा तक्रार पुरत नाही. माणिक तनेजा विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात बंगळूरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका दांपत्याने अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल लिहिले, म्हणून ३५३ आणि ५०६ लावले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला. पण तिथपर्यंत जायला वकील आणि पैसा लागतो. अडवले तेव्हा आवाज खाली ठेवायचा, अंगाला हात लावायचा नाही, नाव आणि बक्कल नंबर लिहून घ्यायचा. यात कुठला कमीपणा नाही.

आता कबुली. रात्री उशिरा चौकात बसलेल्या, मिरवणुकीत अडवलेल्या पोरांवर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची कलमे लागतात: ११०, ११२, ११७, कधी १२२, जमावबंदी मोडली तर १३५. दुसऱ्या दिवशी कोर्टात कोणीतरी कानाशी सांगतो, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." पोरगा मान हलवतो, दोन मिनिटांत दंड होतो. ही तडजोड नाही. ही दोषसिद्धी आहे. रक्कम लहान असेल, पण पडताळणीच्या फॉर्मवर "तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का" या रकान्यात उत्तर बदलते.

फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ नंतर ही कबुली आणखी महाग झाली आहे. ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या या कायद्याने पोलिसांना बोटांचे आणि तळहाताचे ठसे, फोटो, डोळ्यांची बुबुळे, सही, हस्ताक्षर घेता येते. कोणाचे? कोणत्याही कायद्याखाली शिक्षा झालेल्याचे आणि अटक झालेल्याचेही. १९२० च्या जुन्या कायद्यात गुन्ह्याच्या गांभीर्याची अट होती, ती गेली. ही नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहते. विशीतल्या पोराच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ हयातभर. खटल्याविना सुटलेल्या किंवा निर्दोष ठरलेल्या माणसाला आधी शिक्षा झालेली नसेल, तर नोंद नष्ट करायची तरतूद आहे. त्यासाठी राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या, स्त्रिया-मुलांविरुद्ध नसलेल्या गुन्ह्यात अटक झालेला माणूस रक्त-लाळेसारखे जैविक नमुने द्यायला नकार देऊ शकतो. हे पोलीस ठाण्यात कोणी आपणहून सांगणार नाही.

नोंदवहीचा इतिहास आपल्याकडे कॅमेऱ्याहून जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच रजिस्टरवर घेतल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, सवय राहिली. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच बोलून दाखवले, की मागास आणि वंचित समाजातल्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटवर चढता कामा नयेत. आता त्याच वहीला चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर जोडले जात आहे. हैदराबादमध्ये २०२१ च्या लॉकडाउनमध्ये कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना रस्त्यात अडवून, मास्क काढायला सांगून पोलिसांनी फोटो घेतला. फोटो कशासाठी, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही म्हणून ते तेलंगणा उच्च न्यायालयात गेले. त्यांच्यावर गुन्हा नव्हता, पावतीही नव्हती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांना बरीच सूट देतो, त्यामुळे त्याचा आधार इथे तोकडा आहे.

गुन्हा आधीच दाखल असेल तर फॉर्मवर लपवू नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखे किरकोळ प्रकरण लपवले गेले, तरी नेमणूक करणारा ते नजरेआड करू शकतो. "करू शकतो", करेलच असे नाही. भरतीतून बाद होण्याचे कारण अनेकदा गुन्ह्याऐवजी लपवणे हेच ठरते.

वकील परवडत नाही म्हणून कबुली देणाऱ्यांसाठी: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही हा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला पुरतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे. मॅजिस्ट्रेटने "कबूल आहे का" विचारले तर "मला विधी सेवेतून वकील हवा आहे" एवढे म्हणा. तारीख मिळेल. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी जातीच्या दाखल्याची एक प्रत आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये आत्ताच ठेवून द्यावी.

अडवताना जातीवरून शिवीगाळ झाली तर वेळ, जागा आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. लोकांसमक्ष झालेली अशी शिवीगाळ अट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये बसते आणि तिचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करतो. ठाण्यात मारहाण झाली असेल तर तिथले चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात (डिसेंबर २०२०) सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतले आवाजासह चित्रीकरण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष, साठवायला सांगितले आहे. मागणीच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने अधीक्षक किंवा आयुक्तांना पाठवा.