मैदानाबाहेरची भूक : दुखापतग्रस्त खेळाडूचा आहार आणि वजन

दुखापत झालेल्या खेळाडूचे मैदान एका दिवसात सुटते. भूक मात्र त्याच दिवशी कमी होत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीराला लागलेली खाण्याची सवय अंथरुणावरही कायम राहते, आणि गुडघा बरा होईपर्यंत अंगावर पाच-सहा किलो अनावश्यक वजन चढलेले असते. याच्या उलट, वजनाच्या धास्तीने काही खेळाडू जेवणच तोडतात आणि बरे होण्यास लागणारी सामग्री शरीराला नाकारतात. या दोन टोकांमधला मार्ग कोणता, हा विश्रांतीच्या काळातील आहाराचा मुख्य प्रश्न आहे.

भातकापणी आटोपली की गोव्याच्या शेतमळ्यांवर फुटबॉलचे गोलपोस्ट उभे राहतात. घोटा मुरगळणे आणि गुडघ्याचे अस्थिबंध दुखावणे या फुटबॉलमधील नित्याच्या दुखापती होत. बेळगाव परिसरातील तालमींत खांदा आणि गुडघा यांच्या दुखापती मल्लांना घरी बसवतात. घोट्याची साधी मुरगळ काही आठवड्यांत बरी होते; गुडघ्यातील ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाल्यास स्पर्धेत परतण्यासाठी साधारणतः ९ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. इतक्या दीर्घ काळात रोजच्या ताटातील लहानसा फरकही मोठा ठरतो.

खर्चाचा हिशेब

६५ किलो वजनाचा फुटबॉलपटू दीड तासाच्या सरावात सुमारे ७०० किलोकॅलरी खर्च करतो. सराव थांबला आणि आहार तसाच राहिला तर ही ऊर्जा साठू लागते. १ किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात; म्हणजे कागदावरच्या हिशेबाने अकरा दिवसांत १ किलो.

प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. जखम भरून काढण्यासाठी शरीर जास्तीची ऊर्जा वापरते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत विश्रांत अवस्थेतील ऊर्जाखर्च १५ ते २० टक्क्यांनी, आणि मोठ्या इजेत त्याहूनही अधिक वाढू शकतो. कुबड्यांवर चालण्यास साध्या चालण्याच्या दुप्पट ते तिप्पट ऊर्जा लागते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात खरी घट वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. ती पुढे, जखम भरत आल्यावर आणि हालचाल अजून मर्यादित असताना वाढते. आहारातील कपात याच क्रमाने, हळूहळू व्हावी.

भूक आपोआप का घटत नाही

श्रम कमी झाले की भूकही तितकीच कमी होईल, हा समज अनुभवाला उतरत नाही. पश्चिम बंगालमधील ताग गिरणीतील कामगारांचा एक प्रसिद्ध अभ्यास १९५६ साली प्रकाशित झाला. हलक्या कामापासून अतिश्रमाच्या कामापर्यंत आहार श्रमाच्या प्रमाणात वाढत गेल्याचे त्यात दिसले. परंतु अगदी बैठे काम करणाऱ्यांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नसून जास्त होता आणि त्यांचे वजनही अधिक होते. श्रम एका मर्यादेखाली गेले की भुकेचा काटा खर्चाशी जुळत नाही, असा या निष्कर्षाचा अर्थ.

दुखापतीत याला आणखी कारणे जोडली जातात. वेदनेमुळे झोप मोडते. शिकागो येथील २००४ सालच्या प्रयोगात तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले असता तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. रिकामा वेळ, संघापासून तुटल्याची भावना आणि पुनरागमनाची चिंता यांमुळेही हात डब्याकडे जातो. उपाशीपोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात होणारी जळजळ अनेकदा भूक समजली जाते.

स्नायूंची झीज

वजनकाटा सर्वांत मोठे नुकसान दाखवतच नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ साली निरोगी तरुणांचा एक पाय प्लॅस्टरने जखडून ठेवला. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार ३.५ टक्के आणि ताकद ९ टक्के घटली. १४ दिवसांत आकार ८.४ टक्के तर ताकद सुमारे २३ टक्के कमी झाली. स्नायू घटत असताना चरबी वाढली तर काटा जागचा हलत नाही आणि खेळाडूची फसगत होते.

म्हणूनच या काळात उपासमार सर्वाधिक घातक. अन्न अपुरे पडले की शरीर ऊर्जेसाठी स्नायूच मोडू लागते, आणि जखमी सांध्याला आधार देणारा स्नायूच दुबळा होतो. दुसऱ्या बाजूला, वाढलेले वजनही सांध्याला पेलावे लागते. गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल रुग्णांच्या २००५ सालच्या अमेरिकी अभ्यासात, १ किलो वजन उतरल्यास चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने हलका होतो, असे आढळले. यावरून सूत्र ठरते : कपात करायची ती श्रमाच्या वाट्याच्या अन्नात; दुरुस्तीच्या वाट्याच्या अन्नाला हात लावायचा नाही.

प्रथिने : किती आणि कोठून

दुरुस्तीचा वाटा मुख्यतः प्रथिनांचा. सर्वसाधारण निरोगी प्रौढासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत. दुखापतग्रस्त खेळाडूसाठी क्रीडाआहारतज्ज्ञ साधारण १.६ ते २ ग्रॅम सुचवतात. ६५ किलोच्या खेळाडूला हे प्रमाण रोज १०४ ते १३० ग्रॅम पडते. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

हा साठा एकाच जेवणात न घेता चार-पाच वेळांत विभागणे हितावह. न्याहारीला दोन अंडी आणि पेलाभर दूध घेतल्यास सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी दीडशे ग्रॅम मासळी आणि वाटीभर वरण यांतून ३० ते ३५ ग्रॅम, संध्याकाळी वाटीभर आळसांद्यांच्या किंवा मुगाच्या उसळीतून सात-आठ ग्रॅम, रात्री शंभर ग्रॅम चिकन अथवा पनीर, सोबत वरण व दही यांतून २५ ते ३० ग्रॅम आणि झोपताना पेलाभर दुधातून आठ ग्रॅम. भात-भाकरीतील प्रथिने जमेस धरली की गरज भागते. महागड्या भुकटीवाचून काम चालते. शाकाहारींनी डाळी, कडधान्ये, सोयाबीन, दही आणि पनीर यांचे प्रमाण वाढवावे.

हाड मोडले असल्यास कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांकडे लक्ष हवे. प्रौढाची कॅल्शियमची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम. दूध, दही, नाचणी आणि काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी हे त्याचे सहज मिळणारे स्रोत आहेत.

ताटात काय कमी करावे

शीत-कढीचे गोमंतकीय जेवण या काळात वर्ज्य नाही. प्रमाण बदलावे लागते. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३० किलोकॅलरी, तितक्याच ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० आणि तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० किलोकॅलरी असतात. सरावाच्या दिवसांतील भाताचा तिसरा हिस्सा कमी करावा आणि त्या जागी भाजी व कोशिंबीर वाढवावी. रव्यात तळलेल्या बांगड्याऐवजी हुमणातला किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेला बांगडा घ्यावा. हुमणात खोबरे हात राखून घालावे. सरावानंतर घेतली जाणारी गोड पेये आणि केळ्यांचे घड यांची आता गरज उरत नाही. मल्लांच्या खुराकातील तूप, बदाम आणि थंडाई यांनाही हेच लागू पडते. दूध मात्र ठेवावे.

भेटीला येणारे बिस्किटे, मिठाई आणि फळांचे डबाबंद रस आणतात. ते घरातील इतरांमध्ये वाटून टाकणे उत्तम. उशाशी ठेवलेला पुडा रिकामा झाल्याशिवाय राहत नाही.

पथ्याविषयीचे समज

अंडी, मासळी किंवा आंबट खाल्ल्याने टाक्यांत पू होतो, ही समजूत अनेक घरांत आहे. पू जंतुसंसर्गाने होतो. विशिष्ट पदार्थाची ॲलर्जी असल्यासच तो टाळावा. अन्यथा या पथ्यामुळे ऐन गरजेच्या वेळी प्रथिने ताटातून जातात. पेज पचायला हलकी असल्याने भूल उतरल्यावरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ती योग्यच. परंतु तिच्यात बहुतांश पाणी आणि पिष्ट असते. आठवडेच्या आठवडे केवळ पेजेवर राहिल्यास पोट भरते, स्नायू भरत नाही. पेजेसोबत उकडलेले अंडे किंवा मुगाची उसळ असावी.

मद्याचा प्रश्नही टाळता येत नाही. १ ग्रॅम अल्कोहोलमधून ७ किलोकॅलरी मिळतात, प्रथिने मिळत नाहीत. मद्यामुळे स्नायूंतील प्रथिननिर्मिती मंदावते, झोपेची प्रत खालावते आणि वेदनाशामक औषधांबरोबर घेतल्यास यकृताला व जठराला अपाय होतो.

भुकेला आवर घालण्याचे उपाय

जेवणाच्या वेळा सरावाच्या काळातील ठेवाव्यात. प्रत्येक जेवणात प्रथिने आणि तंतुमय पदार्थ असल्यास पोट अधिक वेळ भरलेले राहते. दूरचित्रवाणी किंवा मोबाइलसमोर न जेवता घरच्यांबरोबर ताटावर बसावे. अवेळी भूक लागल्यास आधी पेलाभर पाणी किंवा बिनसाखरेचे ताक घ्यावे. वेदनेमुळे झोप येत नसल्यास ते डॉक्टरांना सांगावे. झोप हा भूकनियंत्रणाचाच भाग आहे. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिलेला वरच्या अंगाचा व्यायाम आणि जखमी स्नायू आवळण्याचे व्यायाम नियमित करावेत. प्रथिनांचे स्नायूत रूपांतर होण्यासाठी स्नायूला काम मिळणे आवश्यक असते.

भूक मारणाऱ्या गोळ्या आणि ‘वजन घटवणारे’ चूर्ण यांपासून खेळाडूने दूर राहावे. या प्रकारातील सिब्युट्रामिनवर भारतात २०११ साली बंदी आली असून ते उत्तेजकांच्या जागतिक प्रतिबंधित यादीतही आहे. अंगातील पाणी काढणारी, लघवी वाढवणारी औषधेही त्याच यादीत मोडतात. बरे होऊन मैदानात उतरण्याऐवजी बंदी भोगण्याची वेळ अशा पुड्यांमुळे येऊ शकते.

मोजमाप आणि पुनरागमन

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी पाहावे. सूज आणि प्लॅस्टर यांमुळे सुरुवातीचे आकडे दिशाभूल करतात. वजनाबरोबर कमरेचा घेर आणि दोन्ही मांड्यांचे घेर यांची नोंद ठेवावी. कंबर वाढत असेल तर भात-तेल कमी करावे. जखमी बाजूची मांडी झपाट्याने बारीक होत असेल तर आहार व व्यायाम दोन्ही तपासून घ्यावेत. पुनर्वसनाचा व्यायाम वाढेल तसे अन्नही वाढवावे; कपातीचे ताट घेऊन धावण्याचा सराव सुरू करणे नव्या दुखापतीला निमंत्रण ठरते.

वाढत्या वयातील मुलामुलींनी वजन घटवण्याचा आहार स्वतःहून करूच नये. सतत थकवा, जखम भरण्यास विलंब, मुलींमध्ये पाळी चुकणे ही अपुऱ्या ऊर्जेची लक्षणे आहेत. चोरून खाणे, खाल्लेले उलटून टाकणे किंवा अनेक दिवस जेवणावरची वासना उडणे ही मनाच्या दुखापतीची चिन्हे असू शकतात. अशा वेळी प्रशिक्षकाने वजनाचा आकडा विचारण्याआधी खेळाडूला डॉक्टरांकडे न्यावे.