भूत केव्हा येणार?

२०१८ च्या ऑक्टोबरात ‘तुंबाड’ हा हिंदी बोलपट लागला, तेव्हा माझ्या धाकट्या भावाला बरोबर घेऊन मी मुलुंडच्या एका चित्रगृहात तो पाहावयास गेले होते. प्रेक्षक मोजून वीस-बावीस. पडद्यावर पाऊस पडत होता, चिखलातून माणसे चालत होती, पडक्या वाड्यात एक म्हातारी साखळदंडाने बांधलेली होती; आणि मध्यंतरापूर्वीच मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी मोठ्याने विचारले, “अहो, पण भूत केव्हा येणार?” चार माणसे हसली. मध्यंतरात ते गृहस्थ निघून गेले आणि त्यांच्यापाठोपाठ माझा भाऊही गेला. “ताई, तू बस. मी बाहेर चहा पितो,” असे म्हणून तो गेला तो परतलाच नाही. मी मात्र शेवटपर्यंत खुर्चीला खिळून होते. घरी परतताना आम्हा बहीणभावांत जे भांडण सुरू झाले, ते पुढे सहा वर्षे अधूनमधून चालूच राहिले.

हे भांडण आमच्या घरापुरते असते तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु या देशात भयाची गोष्ट सावकाश सांगणारा चित्रपट जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा तेव्हा प्रेक्षकांत असेच दोन तट पडले आहेत. या इतिहासाचा आरंभ आमच्या उपनगरातच, मालाडात, होतो ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असेल.

मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज ही संस्था उभी राहिली. तिने १९४९ मध्ये ‘महल’ काढला. दिग्दर्शक कमाल अमरोही, छायालेखक जर्मनीहून येऊन येथेच राहिलेले जोसेफ विर्शिंग, संकलक बिमल रॉय. त्यात झोपाळा आहे, विझत जाणाऱ्या मेणबत्त्या आहेत, लांबून ऐकू येणारे गाणे आहे. घाई मात्र कोठेच नाही. आणि एवढे करून भूतही नाही! शेवटी कळते की, ती छाया म्हणजे माळ्याची मुलगी. तरीही त्या वर्षी ‘महल’ तुफान चालला. तेव्हा आपल्या लोकांना संथपणा सोसतच नाही, हे म्हणणे खरे नव्हे. खेमचंद प्रकाश यांचे संगीत आणि मधुबालेचा चेहरा हाताशी असल्यावर तोच प्रेक्षक अंधारात खुशाल ताटकळत बसला होता.

खरी फाटाफूट झाली ती हे आधार काढून घेतल्यावर. १९७३ मध्ये मणि कौल यांनी विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून ‘दुविधा’ काढला. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न होताच नववधूला सोडून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो आणि तिच्यावर लुब्ध झालेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. कौलांनी ही कथा स्थिर चित्रे, रिकाम्या भिंती आणि मोजके बोल यांतून सांगितली. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक तिला मिळाले. उलट सत्यजित राय यांच्यासारख्या जाणत्या माणसाने या नव्या पंथावर कडक टीका केली. त्यांचे ते लेख पुढे १९७६ साली ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ या पुस्तकात आले. मौज अशी की, ‘दुविधा’ दीड तासाचादेखील नाही. म्हणजे प्रेक्षक कंटाळतो तो लांबीला नव्हे. आता काय वाटून घ्यावे हे पडदा सांगत नाही, त्याला तो कंटाळतो.

तीच कथा २००५ साली अमोल पालेकर यांनी ‘पहेली’ म्हणून पुन्हा सांगितली. शाहरुख खान, राणी मुखर्जी, रंग, गाणी आणि गोड शेवट. घरची सारी मंडळी ती एकत्र बसून पाहतात. यावरून पालेकरांना सोपी वाट धरणारे दिग्दर्शक समजणे मात्र अन्यायाचे होईल. कारण दिग्दर्शक म्हणून त्यांनी पहिले पाऊल टाकले तेच मुळी अवघड जागी.

१९७२ च्या अखेरीस परभणी जिल्ह्यातील मानवत या गावी खुनांची मालिका सुरू झाली. बळी गेल्या त्या लहान मुली आणि बायका. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे निष्णात पोलीस अधिकारी तपासाला गेले, आणि मूल व्हावे, गुप्तधन सापडावे यासाठी नरबळी दिले गेल्याचे प्रकरण उभ्या महाराष्ट्रापुढे आले. विजय तेंडुलकरांनी त्यावर पटकथा लिहिली आणि १९८१ मध्ये पालेकरांनी ‘आक्रीत’ हा मराठी चित्रपट काढला. ‘गोलमाल’मधला, सर्वांना आपल्या घरचा वाटणारा तो तरुण येथे हत्या घडवून आणणारा गावचा धनिक झाला होता. ‘आक्रीत’मध्ये भूत नाही. भुतावाचून माणसे काय करू शकतात, एवढेच आहे. प्रेक्षकाला तेच पाहणे जड जाते.

याच सुमारास हिंदीत रामसे बंधूंचा काळ होता. १९८४ चा त्यांचा ‘पुराना मंदिर’ जोरात चालला आणि १९९३ पासून तर त्यांची भुते दूरदर्शन संचावरून थेट घरात आली. मी त्याच भुतांवर वाढले आणि माझा भाऊही. दार करकरले, मांजर ओरडले, की पुढच्या मिनिटाला राक्षस आलाच पाहिजे, असा आमच्या मनाचा करार झाला होता. मागच्या रांगेतले ते गृहस्थ त्या कराराची वसुली मागत होते. त्यांना अरसिक म्हणणे मला आज बरोबर वाटत नाही.

‘तुंबाड’ने तो करार पाळला नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या मनात ही कल्पना नव्वदीच्या दशकापासून घोळत होती. मित्राकडून ऐकलेली नारायण धारपांची एक कथा हे तिचे बीज. नाव आले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या कादंबरीवरून. आणि तुंबाड हे गावही खरेच आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी. पाऊस खरा हवा म्हणून चित्रण अनेक पावसाळे चालले. २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला. येथे मात्र पहिल्या खेपेस गर्दी बेताचीच झाली. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत एक विनायकराव सोन्याच्या मोहरांपायी देवतेच्या गर्भात उतरतो आणि शेवटी आपल्या मुलालाही तीच विद्या शिकवतो, एवढीच कथा. त्यातला हस्तर हा देव कोणत्याही पुराणात सापडायचा नाही. “नसलेली दैवते आमच्या कोकणाच्या माथी का मारता?” हा माझ्या भावाचा दुसरा आक्षेप होता.

मग २०२४ च्या सप्टेंबरात, गणपती घरात असतानाच, ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक चालला. या खेपेस मी सत्तरीच्या आईला घेऊन गेले. तिचे माहेर खेड तालुक्यातलेच. चित्रगृह भरलेले होते. तरुण मुले श्वास रोखून पाहत होती. आई काही भ्यायली नाही. अक्राळविक्राळ हस्तर समोर आला तेव्हा तिने शांतपणे पदराने चष्मा पुसला. परंतु विनायकराव मुलाला विहिरीत उतरण्याचे धडे देऊ लागला, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

बाहेर आल्यावर मी विचारले, “आई, भीती वाटली का गं?”

“भुताची कसली भीती? तो पोराला शिकवतो ना, त्याची वाटली. आमच्या थोरल्या काकांनीही असंच केलं.”

आणि मग रिक्षात, घरी, रात्री अंथरुणावर पडल्यावरही ती सांगत राहिली. माजघराच्या भुईखाली मोहरांचा हंडा आहे, असे कोणा मांत्रिकाने तिच्या थोरल्या काकांना सांगितले. ते अमावास्येच्या रात्री खणू लागले. दिवा धरावयास आपल्या दहा वर्षांच्या मुलाला उभे करीत. कोंबडे झाले, बकरे झाले. मांत्रिकाची मागणी वाढत गेली आणि भाताची खाचरे एकेक करून गहाण पडली. शेवटी मांत्रिकाने ‘याहून मोठे’ मागितले, तेव्हा माझी आजी रातोरात दोन्ही मुलींना घेऊन माहेरी पळाली. तेथून आजोबांनी सर्वांना घाटकोपरच्या चाळीत आणले. आमची जमीन कुळकायद्यात गेली, असे मला आजवर सांगण्यात आले होते. मी त्यावर एका कादंबरीत एक प्रकरणही लिहिले आहे. ते सारे खोटे होते. ‘याहून मोठे’ म्हणजे काय, हे मी आईला विचारले नाही. त्या दोन मुलींतली एक ती होती.

थोड्याच दिवसांनी, ऑक्टोबरात, ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका घरोघरच्या पडद्यांवर आली. आईने ती पाहण्यास नकार दिला. मी पाहिली, आणि इतकी वर्षे जे सुटे सुटे दिसत होते ते एकदम जुळून आले. ‘दुविधा’मधला बाप, भूत रोज सकाळी मोहरा देते म्हणून, मुलाच्या रूपाची चौकशी करीत नाही. मानवतला गुप्तधन, तुंबाडला गुप्तधन आणि आमच्या माजघरातही तेच. आपल्या भयकथेच्या तळाशी भूत नाही, हाव आहे. भूत एका क्षणात दाखवता येते. हाव दाखवावयाची तर वेळ लागतो. कारण ती भाताच्या खाचरासारखी वर्षानुवर्षे, एकेक तुकड्याने माणसाला खाते. त्या चित्रपटांचा संथपणा हा त्या विषयाचाच वेग आहे, असे मला वाटते.

म्हणून संथ ते सारे थोर, असे मात्र मी म्हणणार नाही. सांगण्यासारखे काही नसताना नुसता कॅमेरा स्थिर ठेवणारेही पुष्कळ आहेत. अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढते हा आक्षेपही हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर कोठे महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. आणि त्यात गुप्तधनाच्या शोधापायी केलेल्या अघोरी कृत्यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला. पण मला विचाराल तर अंधश्रद्धा वाढवते ते झटपट भूत. ते दोष आपल्याबाहेर, पिंपळावर नेऊन टांगते. सावकाश सांगितलेली गोष्ट तो दोष घरात, माजघरात आणून ठेवते. प्रेक्षक चिडतो तो बहुधा तेथेच.

मी भावाला आईची हकीगत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दिवा धरणारा तो मुलगा म्हणजे आपले भाऊमामा का?”

मी मान हलवली. भाऊमामा आयुष्यभर कधी अंधारात झोपले नाहीत. आम्ही लहानपणी त्यांना त्यावरून हसत असू.

पुढच्या रविवारी भाऊ एकटाच जाऊन ‘तुंबाड’ पाहून आला. आवडला की नाही, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. एवढेच म्हणाला, की या वेळी तो मध्यंतरात उठला नाही.