सरपणाचा मांडव (चंद्रपूर-गडचिरोली)

सरपणाचा मांडव : घरामागच्या वाडीत सरपण रचून ठेवण्यासाठी उभारलेला, वरून झाकलेला आणि बाजूंनी मोकळा आडोसा. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत (२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच चंद्रपूर जिल्हा होता) ब्रह्मपुरी-नागभीडपासून सिरोंच्यापर्यंत तो गावोगाव दिसतो. कुठे चार खांबांवर कवेलू, कुठे टिना, तर कुठे बल्ल्यांच्या माचीवर तणसाचा ढीग आणि त्याच्या पोटात लाकडे. घराच्या वर्णनात त्याला सहसा एखादी ओळही मिळत नाही. पावसाळ्यात चूल पेटते ती मात्र त्याच्या भरवशावर.

मांडव लाकूड वाळवतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. या भागात वाळवण्याचे काम एप्रिल-मेचे ऊन करते. मांडवाने ती कमाई मृगानंतर राखायची असते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता मिळते. वीस टक्के पाणी असेल तर साधारण १४ आणि निम्मे पाणी असेल तर जेमतेम ८. एक तर निम्मा भार पाण्याचाच, शिवाय ते पाणी उडवण्यात उरलेल्या लाकडाचीही उष्णता खर्ची पडते. ओल्या सरपणाने डोळ्यांत धूर जातो तो याच कारणाने : वाफेमुळे आच थंडावते आणि लाकडातून निघणारा वायू पुरता जळत नाही.

लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओल सोडते किंवा ओढते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते, की बारीक फोडलेल्या लाकडात पाच टक्क्यांच्या आसपासच पाणी उरते. श्रावणात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तेच लाकूड छपराखाली असूनही पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत ओल ओढून घेते. पण एवढी ओल चुलीला चालते. तेव्हा दमट हवेचे भय धरण्याचे कारण नाही. भय आहे ते थेट पावसाचे आणि जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे. म्हणूनच मांडवाला छप्पर आणि माची लागते, भिंती लागत नाहीत. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेली रास बाहेरून सुरक्षित दिसते, पण आत कोंडलेली वाफ ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थिजून परत लाकडावर ठिबकते आणि भादव्यात बुरशी निघते. ताडपत्री वापरायचीच तर फक्त माथ्यावर.

सरपणाच्या जातींत धावड्याला पहिला मान. जड, सावकाश जळणारा आणि निखारा धरून ठेवणारा. ऐन, लेंडिया, तेंदू, खैर हे त्याच्या खालोखाल. सालई, मोवई, काटेसावर यांचे लाकूड हलके. ते भरकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते, त्यामुळे चूल शिलगावण्यापुरते बरे. उघड्यावर राहिले तर एका पावसाळ्यातच ते कुजायला लागते. मोहाला सरपणासाठी कोणी कुऱ्हाड लावत नाही, वाळून पडलेली फांदी तेवढी उचलतात. फुले आणि टोळी देणारे झाड जाळून टाकण्याइतका खुळा हिशोब इथे कोणी करत नाही. सागाची गोष्ट निराळी, तो चुलीसाठी नव्हे, इमारतीसाठी. आलापल्लीचा साग बल्लारपूरच्या डेपोतून देशभर जातो, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांनाही याच जंगलांतला साग लागला. बांबू जाळायचा असेल तर आधी उभा चिरतात, नाहीतर बंद पेरातली हवा तापून ते मोठ्याने फुटते आणि निखारे बाहेर उडतात.

सगळाच मुलूख लाकडावर चालतो असे नाही. वरोरा, राजुरा, कोरपना या कापूसपट्ट्यात पऱ्हाटी आणि तुराट्यांचे भारे मांडवात अधिक दिसतात. ते जागा खूप खातात आणि पंधरवड्यात संपतात. घुग्घुस-माजरीकडे दगडी कोळशाची शेगडी जुनी. खरा लाकडाचा मांडव पाहायचा तो मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात आणि वैनगंगेच्या पूर्वेला.

सरपण भरण्याचा हंगाम होळीनंतर सुरू होतो. धानाची कामे उरकलेली असतात, मोहफूल वेचणे आणि पुढे तेंदूपान तोडणे यांच्या मधल्या दिवसांत लाकूड घरी येते. बाया डोक्यावर मोळी आणतात, पुरुष कावडीने किंवा बैलबंडीने. यातले बहुतेक लाकूड जंगलात उभे वाळलेले किंवा पडलेले असते, त्यामुळे निम्मे वाळवण आधीच झालेले असते. ओले लाकूड हाती आले तर ते ओले असतानाच फोडावे. वाळलेला धावडा कुऱ्हाडीला दाद देत नाही, मग घन आणि पाचर शोधावी लागते. फोडण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. सालीतून पाणी फार हळू बाहेर पडते. कापलेल्या टोकांतून आणि चिरलेल्या अंगातून ते वेगाने जाते. मांडीएवढा गोल ओंडका एका उन्हाळ्यात आतपर्यंत वाळत नाही, त्याच्याच चार फाकी केल्या तर वाळतात. लांबी दीड ते दोन फूट, म्हणजे चुलीच्या तोंडाशी लाकूड लटकत राहत नाही. फोडलेले लाकूड लगेच मांडवात न नेता महिनाभर अंगणात उन्हात पसरावे. मेच्या शेवटी येणाऱ्या वादळी सरींआधी ते आत गेले की पुरे.

जागा निवडताना उतार पाहतात. वाडीतले पाणी जिकडून वाहून जाते ती वाट सोडून, जरा उंचवट्यावर मांडव घालावा. मातीच्या भिंतीला टेकून लाकडे रचण्याची सवय सर्रास आहे आणि ती वाईट आहे : वाळवीला जमिनीतून लाकडात आणि लाकडातून घराच्या मयालीत जायला सरळ रस्ता मिळतो. भिंतीपासून हातभर तरी अंतर असावे, स्वयंपाकघरापासून आणि तणसाच्या ढिगापासून त्याहून बरेच जास्त. तळाला मुरूम किंवा गिट्टी पसरून वर दगड अथवा विटा मांडतात, त्यांवर आडव्या बल्ल्या टाकून जमिनीपासून फूटभर उंच माची करतात. हे फूटभर अंतर वाया गेलेली जागा नव्हे. त्यातून वारा खेळतो, वाळवीने चढवलेली मातीची नळी डोळ्यांना दिसते आणि ती झाडूने मोडता येते.

खांबांना गराडी चांगली. तिचे लाकूड कठीण, जमिनीत गाडले तरी वर्षानुवर्षे टिकणारे. पाने विषारी असल्याने जनावरेही तिच्या वाटेला जात नाहीत. गाडायचा बुंधा जाळून काळा करतात किंवा त्याला जळके ऑइल फासतात. बांबूचे खांब स्वस्त पडतात, पण ते एक-दोन पावसाळ्यांचे सोबती. बांबू घालायचाच तर छपराच्या सांगाड्याला. तोही पावसाळा सरल्यावर हिवाळ्यात तोडलेला आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला असावा, म्हणजे त्यातले पिष्ट कमी होऊन घुण लागत नाही. या जंगलात मानवेल आणि कटांग अशा दोन जाती मुख्य. मानवेल भरीव, म्हणून वाशांना तोच घेतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे बांबूवर जी रासायनिक प्रक्रिया शिकवतात ती घरासाठी योग्य, सरपणाच्या मांडवासाठी मात्र खर्चिक. शिवाय प्रक्रिया केलेला बांबू पुढे चुलीत घालता येत नाही. खेड्यात तर मोडक्या मांडवाचा शेवट चुलीतच होतो.

छपरात गेल्या काही दशकांत सर्वाधिक बदल झाला. कवेलूंचे छप्पर थंड असते, पण ते दरवर्षी पावसाआधी फेरावे लागते. वानरांची टोळी एकदा त्यावरून गेली की अर्धा दिवस फुटके कवेलू बदलण्यात जातो. टिनांनी कवेलूंना हटवले त्यात वानरांचा वाटा कुंभारांच्या घटत्या संख्येइतकाच असावा. टिन उन्हात तापते आणि त्याखालची गरम हवा लाकडाला मानवते. घराला जो त्रास तो इथे फायदा. मात्र टिना तारेने खांबांना घट्ट आवळाव्या लागतात, नाहीतर मेची वावटळ त्या शेजारच्या वाडीत नेऊन टाकते. पाऊस येतो तो बहुधा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून, म्हणून उतार त्या बाजूला देऊन वळचण दोन फूट बाहेर काढतात आणि तिथे बांबूचा तट्टा लावतात. पूर्वेची बाजू पूर्ण उघडी. सर्वांत जुना प्रकार तणसाच्या माचीचा. वरचे तणस गुरांना आणि खालचे लाकूड माणसांना. जागेचा असा दुहेरी उपयोग दुसऱ्या कशात होत नाही, पण एक ठिणगी पडली तर वर्षाचा चारा आणि सरपण एकदमच जाते.

आकाराचा हिशोब सोपा आहे. दिवसाला पाच किलो लाकूड जाळणाऱ्या घराला मृग ते दिवाळी या सुमारे १५० दिवसांसाठी ७५० किलो लागते. धावडा-ऐनासारखे वाळलेले जड लाकूड रचल्यावर एका घनमीटरात साधारण चारशे किलो मावते. म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट खोल आणि चार फूट उंच रास पुरते. मांडव याहून दुप्पट लांबीचा करावा आणि मधे खांब देऊन दोन खण पाडावेत : एकात चालू वर्षाचे, दुसऱ्यात पुढचे. एकच खण असला की नवे लाकूड पुढे रचले जाते, तेच आधी जळते आणि मागचे जुने तिथेच वाळवी खाते. राशीच्या दोन्ही टोकांना लाकडे एकाआड एक उभी-आडवी रचतात म्हणजे रास ढासळत नाही. सर्वांत वरच्या थराची साल आकाशाकडे.

लाकडे काढताना हात सरळ राशीत घालू नये, ही ताकीद घराघरात असते. उंदरांमागे नाग आणि घोणस येतात, गारव्याला मण्यार आणि विंचू. आधी काठीने राशीला ठोकतात आणि लाकूड वरून काढतात, मधून ओढत नाहीत. माची उंच असेल आणि खालची जागा झाडलेली असेल तर हा धोका बराच घटतो.

लाकूड आणण्याचा हक्क हा वेगळा आणि जुना विषय. मध्य प्रांताच्या काळापासून इथे गावाच्या घरगुती गरजांसाठी निस्तार हक्क चालत आले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलातला वावर नियमांत बांधला. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराला हक्क म्हणून मान्यता दिली. गौण वनउपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपी लाकूड आणि खुंटही आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये. अशा ठिकाणी जंगलातून काय आणि किती आणायचे हे ग्रामसभा ठरवते. ज्यांना जंगलात जाणे जमत नाही ते वन विभागाच्या किंवा १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या डेपोतून जळाऊ बीट (मोजून रचलेली लाकडाची रास) विकत घेतात. लग्नाच्या किंवा मयताच्या घरी लाकूड एकदम लागते, तेव्हा हाच आधार.

वाघांची संख्या वाढली तसा मांडवाचा अर्थ बदलला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर आणि अलीकडे आरमोरी-वडसा भागात सरपण, मोहफूल किंवा तेंदूपानासाठी जंगलात गेलेल्या माणसांवर हल्ले झाले आहेत. वाकून लाकूड गोळा करणारी बाई वाघाला माणूस म्हणून चटकन ओळखू येत नाही, असे वनरक्षक सांगतात. ताडोबाच्या भोवतालच्या गावांना २०१५ च्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून आणि २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस मिळाला. चहा-भाजी गॅसवर गेली. न्हाणीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि पाहुण्यांचा भात चुलीवरच राहिला, कारण सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात आणि लाकडाला लागत नाहीत. वनयोजनांत गॅसजोडण्यांची मोजदाद होते, मांडवाला मात्र कोणी विचारात घेत नाही. कोरडे लाकूड कमी लागते, आणि मृगाआधी भरलेला मांडव म्हणजे झुडपे दाट झालेल्या दिवसांत जंगलातल्या कितीतरी खेपा वाचतात. चार टिनांचे अनुदान या कामी बरेच साधून गेले असते.

भामरागडात प्रश्न वाघापेक्षा पाण्याचा. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरच्या या गावाचा आलापल्लीकडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने पुनःपुन्हा बंद पडतो, आणि तेवढे दिवस सिलिंडरची गाडीही येत नाही. आसपासच्या माडिया गावांत दोन-दोन खुंटांच्या जोड्या रोवून त्यांत छातीइतकी उंच लाकडे रचतात. काही घरांना तीच कुंपणासारखी होते. नदीकाठच्या वस्तीत माचीची उंची मागच्या मोठ्या पुराच्या खुणेवरून ठरते, फूटभराच्या नियमावरून नाही. वाहून जाऊ नये म्हणून वरून वेल किंवा तार आवळलेली असते.